बंब एका गावाचा नको, तालुक्याचा हवा

कापसाची आग जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला, ठिणगी उडाली, की ती रुईसोबत जाऊन गठाणीत दडते. गठाण बाहेरून गार लागते. पट्ट्या कापून फोडली, की आत निखारा. अशी गठाण आम्ही मैदानात लांब नेऊन टाकायचो आणि पाणी मारल्यावरही तिच्यापाशी रात्रभर माणूस बसवायचो.

त्यामुळं 14 एप्रिल 1944 ची मुंबई गोदीतली आग मला परकी वाटत नाही. ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर कापसाच्या गठाणी आणि दारूगोळा एकत्र भरला होता. आग कापसाला लागली. जवान पाणी मारत राहिले, पण ती नेमकी कुठं आहे, तेच सापडेना. मग दारूगोळा उडाला आणि 66 अग्निशमन जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात.

आपल्या वऱ्हाडातही एप्रिल म्हणजे जाळाचाच महिना. धुरे पेटवलेले असतात, वारा सुटलेला असतो, गोठ्याला पऱ्हाटीचं कूड आणि शेजारी कुटाराचा ढीग. अकोल्याहून आमचं तालुक्याचं गाव बार्शीटाकळी वीसेक किलोमीटर. तिथून पाण्यानं भरलेला बंब कितीही दामटला तरी अर्धा तास लागणारच. ग्रामीण भागात तो वीस मिनिटांत पोचावा, हे केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचं मानक आहे. तालुक्यातली पिंजर आणि महान ही गावं तर आणखी पुढं.

खरी मेख कायद्यात आहे. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं शहरी संस्थांना 18 विषय दिले, त्यात अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या 29 विषयांत ती नाही. म्हणजे बार्शीटाकळीची नगरपंचायत झाली तेव्हा हा विषय तिच्या यादीत आला. आजूबाजूची खेडी मात्र त्या यादीबाहेरच राहिली. आग हद्द विचारत नाही, पण डिझेलचं बिल विचारतं. हा खर्च जिल्हा परिषद आणि राज्य सरकारनं वाटून घ्यावा आणि बार्शीटाकळीत अग्निशमन केंद्र अख्ख्या तालुक्यासाठी चालवावं, असं माझं ठाम मत आहे.

नुसती गाडी उभी करून मात्र भागणार नाही. तिन्ही पाळ्यांना चालक हवा, शिकलेले जवान हवेत. राष्ट्रीय अग्निसेवा महाविद्यालय 1957 पासून नागपुरात, आपल्या विदर्भातच आहे; आपली पोरं तिथं का जाऊ नयेत? जुन्या वस्तीतल्या बोळांसाठी लहान गाडी लागेल. आणि पाणी? अकोल्याची तहान भागवणारं काटेपूर्णा धरण आपल्याच तालुक्यात, महानला आहे. तिथं आणि मोठ्या गावांच्या टाक्यांवर बंब भरायची सोय करा. नवा कापूस घरात यायच्या आत, दिवाळीआधी.