दिसला तर घेऊन या, साहेब!

'साहेब, आमच्याकडे तर गाडी एका सेल्फला चालू होतेय. परत प्रॉब्लेम दिसला तर घेऊन या.'

तीन महिन्यांत हे वाक्य मी तीनदा ऐकलं आणि तिन्ही वेळा वर बिलही भरलं. त्यामुळे आता माझं ठाम मत झालंय, की आपली बरीचशी सर्व्हिस सेंटर्स गाडी दुरुस्त करत नाहीत, सुटे भाग विकतात. आणि आपण शिकलेसवरलेले लोक ते मुकाट्याने विकत घेतो.

तर झालं असं. माझी पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, वय वर्षं दहा. रोज सकाळी झटक्यात चालू. ऑफिसातून निघतानाही चालू. पण मधेच कधीतरी, पेट्रोल भरायला थांबलो किंवा किराणा घेऊन परत आलो, की सेल्फ मस्त फिरतोय आणि इंजिन काही पेटत नाही. पाऊण तासाने मात्र काही झालंच नव्हतं अशा थाटात चालू!

पहिल्या खेपेला बॅटरी बदलली, ४,८०० रुपये. दुसऱ्या खेपेला सेल्फ खोलून नीट केला, २,२००. तिसऱ्या खेपेला फ्युएल पंप, ६,५००. एकूण १३,५०० आणि प्रॉब्लेम जागच्या जागी. अहो, सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोघेही ठणठणीत आहेत, हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. मी आहे, आणि तरी पैसे दिले, हे वेगळंच दुखणं.

मग एका रविवारी साताऱ्याहून पुण्याला येताना शिरवळला चहाला थांबलो. रात्रीचे साडेदहा. गाडीत आई, बायको आणि आठ महिन्यांची लेक. पंधरा मिनिटांनी किल्ली फिरवली तर गाडी ढिम्म. सव्वा तास हायवेच्या कडेला, लेक रडतेय, आई 'होईल रे चालू' म्हणतेय, आणि माझ्या खिशात तीन बिलं, तिन्हीवर 'गाडी ओके' असा शेरा.

दुसऱ्या दिवशी मी आधीच करायला हवं होतं ते केलं. ऑफिसात एखादा बग कधी येतो, कधी येत नाही, तेव्हा आपण काय करतो? तो कुठल्या परिस्थितीत येतो ते लिहून काढतो. डॅशबोर्डमध्ये एक वही ठेवली. इंजिन गरम की थंड, गाडी किती वेळ बंद होती, सेल्फ कसा फिरला, आरपीएमचा काटा हलला का. सात नोंदी झाल्या आणि चित्र स्पष्ट झालं. प्रत्येक वेळी इंजिन गरम, गाडी दहा ते पंचवीस मिनिटं बंद, सेल्फ जोरात, आणि काटा शून्यावर चिकटलेला.

ती वही घेऊन नऱ्ह्यातल्या एका छोट्या गॅरेजात गेलो. तिथल्या मामांनी ती शांतपणे वाचली. गाडी अर्धा तास फिरवून आणली, बॉनेट बंद ठेवून पंधरा मिनिटं थांबले, स्कॅनर लावला आणि सेल्फ मारला. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर आरपीएम शून्य! मग त्यांनी खाली वाकून एका सेन्सरवर बाटलीभर गार पाणी ओतलं. दोन मिनिटांनी गाडी चालू.

तो होता क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. क्रँकशाफ्टसोबत एक दातेरी चाक फिरतं. त्याचे दात मोजून हा सेन्सर ईसीयूला सांगतो की इंजिन फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे. हा सिग्नल नसेल तर माझ्या गाडीचा ईसीयू ना पेट्रोल सोडतो, ना ठिणगी. आत बारीक तारेचं वेटोळं असतं. जुनं झालं की ते कधीकधी तापल्यावर तुटक होतं आणि गार झाल्यावर पुन्हा जुळतं. इंजिन बंद केल्यावर हवा आणि कूलंट दोन्ही थांबतात, उष्णता आतच कोंडते, म्हणून नेमकी चहानंतरची किल्ली फसते. आणि फॉल्ट कोड का नव्हता? इंजिन फिरतंय हे ज्याने सांगायचं तोच गप्प, मग ईसीयूला बिघाड कळणार कुठून?

सेन्सर १,१५० रुपये, मजुरी ३००.

पैसे गेले, ठीक आहे. पण मामा जाता जाता म्हणाले, 'हा चालत्या गाडीतपण दगा देतो बरं का.' चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांत संपते. शिरवळच्या वीस मिनिटं आधी आम्ही खंबाटकीच्या बोगद्यात होतो, मागे ट्रक. तेव्हापासून 'दिसला तर घेऊन या' या वाक्याला मी हसत नाही.

कंपन्यांचा दोष आहेच. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, तपासणीची साधनं आणि तांत्रिक माहिती त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना सहज मिळू देत नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण. नंतर अपिलं वगैरे झाली. पण दुखणं किती जुनं आहे ते कळतं.

आता आपला दोष. ४,८०० ची बॅटरी आपण विनातक्रार घेतो, कारण ती हातात दिसते. पण कुणी 'फक्त तपासायचे ५०० होतील' म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या! विचार करण्याचे पैसे मिळत नाहीत, पार्ट बदलण्याचे मिळतात. मग तो बिचारा अ‍ॅडव्हायझर काय करेल? पार्टच बदलेल. आपण सगळे विचार करण्याचाच पगार घेतो, आणि दुसऱ्याला तो द्यायला मात्र जीवावर येतं.

म्हणून माझं एवढंच म्हणणं. तपासणीचे पैसे वेगळे मागा आणि वेगळे द्या. कुठला पार्ट बदलला यासोबत तो का बदलला, काय मोजलं, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. आणि 'आमच्याकडे दिसत नाही' हे उत्तर निदान म्हणून स्वीकारू नका. दिसत नाही याचा अर्थ एवढाच, की अजून नीट बघितलेलं नाही.

आणि हो, सोमवारी ऑफिसात टेस्टरने बग टाकला की 'माझ्या मशीनवर तर चालतंय' लिहून तो बंद करण्याआधी जरा थांबा. पलीकडे कुणीतरी शिरवळला उभा असेल.