शत्रू समजून मारलेली अळी
बांधावरून

कापसावर चिकटा आला, की खान्देशात पहिला हात जातो तो पंपाकडे. पानं चकाकू लागली, मुंग्या चढल्या, की गाठायचं कृषी केंद्र. दुकानदार देईल ती बाटली त्याच दिवशी शेतात. पान उलटून बघायला सवड कुणाला?

उलटून बघाच. माव्याच्या गर्दीत एखादी हिरवट, बिनपायाची, तोंडाकडे निमुळती अळी दिसेल. तिला डोळे नसतात. चाचपडत सरकते, मावा लागला की तोंडात धरून वर उचलते, आतला रस शोषते आणि रिकामं कातडं टाकून देते. ही सिरफिड माशीची अळी. सिर्फिनी उपकुळातल्या बहुतेक माश्यांच्या अळ्या मावाखाऊ. एकेक अळी कोषात जाईपर्यंत शेकडो मावा फस्त करते. आपण मात्र ‘अळी पडली’ म्हणून औषधाचा डोस वाढवतो.

माशीचंही तेच. अंगावर गांधीलमाशीसारखे काळे-पिवळे पट्टे, म्हणून माणूस बिचकतो. पण तिला नांगी नाही, पंखही दोनच. हवेत एका जागी थरथरत राहते, फुलातला मध-पराग खाते आणि माव्याशेजारी पांढरी, तांदळाच्या कणीएवढी अंडी घालते.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांना मावा काय करतो हे सांगायला नको. कुकुंबर मोझॅक विषाणूने, म्हणजे आपल्या हरण्याने, तिथे उभ्या बागा उपटायला लावल्या. हा विषाणू मावा सोंड खुपसताच काही क्षणांत झाडात सोडतो. त्यामुळे एकटी फवारणी त्याला रोखत नाही, आणि एकटी माशीही नाही. रोगट झाड उपटून नष्ट करणं, बागेजवळ काकडीवर्गीय पिकं टाळणं, हाच मुख्य उपाय. पण आजूबाजूच्या कापसावर, गिलक्यावर मावा वाढूच नये, हे काम ही माशी फुकट करते.

तिला लागतात फुलं, आणि आपण तणनाशक मारून बांध बोडके केलेत. कडेने बडीशेप, कोथिंबीर, मोहरी फुलू द्या. कृषी खात्याच्या सल्ल्यात औषधाच्या मात्रेआधी एक ओळ यावी: मावा मोजाल तेव्हा मित्रकीटकही मोजा, ते पुरेसे असतील तर थांबा. यात नुकसान झालंच, तर बाटली विकणाऱ्याचं होईल.

— बांधकरी