सध्या काय वाचता?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती महाराष्ट्रात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरी होते. २०१५ पासून हा प्रघात पडला आहे. शाळाशाळांतून त्या दिवशी मुले पुस्तक उघडून बसतात, पाहुण्यांचे भाषण होते, छायाचित्रे काढली जातात आणि १६ ऑक्टोबरला पुस्तके पुन्हा कपाटात जातात. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाची गतही बऱ्याच ठिकाणी फारशी वेगळी नसते. अशा उपक्रमांमागील हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. तथापि वाचन ही वर्षातून एकदा प्रेरणा देऊन अंगी बाणणारी गोष्ट नव्हे. ती सहवासातून लागते आणि त्या सहवासाचे सर्वांत साधे, बिनखर्चाचे साधन म्हणजे एक प्रश्न : ‘सध्या काय वाचता?’

मराठी मध्यमवर्गीय घरांतून हा प्रश्नच हळूहळू नाहीसा होत चालला आहे. दोन स्नेही भेटले की प्रकृतीची चौकशी होते, मुलांच्या नोकऱ्या आणि जागांचे भाव यांवर बोलणे होते, राजकारणावर तर तासन् तास चर्चा रंगते. नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाचा विषय मात्र क्वचितच निघतो. निघालाच तर समोरचा माणूस किंचित अवघडतो आणि ‘हल्ली वेळच मिळत नाही’ असे म्हणून मोकळा होतो. वाचणारी माणसे संपलेली नाहीत. ती एकेकटी पडली आहेत. शेजारच्या घरात कोण काय वाचते हे जिथे ठाऊक नसते, तिथे पुस्तके विकली जातात, कदाचित वाचलीही जातात, पण त्यांतून समाजाचे मन घडत नाही.

वास्तविक मराठी समाजात वाचन हा एकट्याचा विषय कधीच नव्हता. चातुर्मासात एकाने पोथी वाचायची आणि घरादाराने, आळीने ती ऐकायची, ही रीत मुद्रणकलेच्याही आधीची. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही ग्रंथातील प्रसंग ओळीने पाठ असत, ते या श्रवणामुळेच. पुढे छापील पुस्तके आली, तेव्हा ती एकट्याने विकत घेणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. म्हणून लोकांनी वर्गणी काढून वाचनालये उभारली. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात झाला १९६७ साली. म्हणजे शासन जागे होण्यापूर्वी शंभर-सव्वाशे वर्षे हे काम समाजाने आपल्या हिमतीवर चालवले होते.

१९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला आणि या सामूहिक वाचनाला सणाचे रूप आले. वाड्यात किंवा चाळीत एका घरी आलेला अंक महिनाभर बिऱ्हाडाबिऱ्हाडांतून फिरे आणि परत येई तेव्हा त्याची पाने सुटलेली असत. त्या सुट्या पानांबद्दल कोणी तक्रार करीत नसे. अंक किती जणांनी वाचला याची ती पावती असे.

‘काय वाचता?’ या प्रश्नात किती सामर्थ्य असते, याचे एक उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात ठळकपणे नोंदले गेले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील मुंबई. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा, परळच्या चाळीत राहणारा एक मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. घरी दाटीवाटी होती, अभ्यासाला निवांत जागा नव्हती. त्याच बागेत विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. शिवछत्रपतींचे आणि गौतम बुद्धांचे चरित्र मराठीत लिहिणारे केळुसकर ते हेच. रोज पुस्तकात डोके घालून बसणाऱ्या या मुलाची त्यांनी आपण होऊन विचारपूस केली. मग त्याला आपल्याजवळची पुस्तके वाचायला देऊ लागले. तो मुलगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. त्यांच्या सत्काराच्या सभेत केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढील शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकणारेही केळुसकरच; त्यातून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या भेटीनंतर सुमारे अर्धशतकाने, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी आपण बुद्धाकडे कसे वळलो हे सांगताना केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकाचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख केला आहे. बागेतील एका विचारपुशीपासून निघालेली वाट कोठवर गेली, हे यावरून ध्यानी यावे.

या प्रसंगाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. ज्या शाळेत भीमराव शिकत होते, तेथे त्यांना संस्कृत घेऊ दिले गेले नाही. नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. ज्ञानाचे एक दार हिंदू समाजाने जन्माच्या कारणावरून त्यांच्या तोंडावर लावून घेतले, आणि त्याच समाजातील एका शिक्षकाने बागेत बसून दुसरे दार उघडले. पुस्तक कोणाच्या हाती द्यायचे आणि कोणाच्या हाती पडू द्यायचे नाही, हा प्रश्न या देशात केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे, की आपले पुस्तक आपल्या वर्तुळाबाहेरच्या मुलाच्या हाती देणे ही समरसतेची अत्यंत साधी आणि अत्यंत खरी कृती आहे. सुभेदार रामजी सकपाळ मुलाच्या पुस्तकांसाठी प्रसंगी विवाहित मुलींचे दागिने गहाण टाकीत. आजच्या किती सुखवस्तू घरांत पुस्तकासाठी एवढी तळमळ दिसते?

पुस्तक हातोहात जाण्याचे मोल जे स्वातंत्र्य गमावून बसले, त्यांना सर्वाधिक कळले. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ मध्ये अंदमानच्या कारागृहात पोहोचले. तेथे एका बंदिवानाने दुसऱ्याशी पुस्तकाची अदलाबदल करणे हाही शिक्षेस पात्र अपराध होता. पुढे झगडून, सवलती मिळवून राजबंद्यांनी आपापल्या घरून आलेली पुस्तके एकत्र केली, ग्रंथालय उभे केले आणि निरक्षर बंदिवानांना अक्षरे शिकवण्याचे कामही चालवले. ‘माझी जन्मठेप’मध्ये ही सारी हकीकत आली आहे. परकीय सत्तेला बंदिवानांची पुस्तके एका कोठडीतून दुसऱ्या कोठडीत जाणे धोक्याचे वाटले, कारण पुस्तकाबरोबर विचार जातो आणि विचाराबरोबर माणसे जोडली जातात. आज पुस्तक देण्याघेण्यावर कोणताही जेलर पहारा करीत नाही. तरीही ते एका घरातून शेजारच्या घरात जात नाही, याला काय म्हणावे?

याचे सारे खापर भ्रमणध्वनीवर फोडणे सोपे आहे. मुले पडद्याला चिकटलेली असतात, ही पालकांची नित्याची तक्रार. पण सायंकाळी घरी आल्यावर स्वतः पालकांच्या हाती काय असते, हे मुले पाहतच असतात. जे घर वाचताना दिसत नाही, त्या घरातील मुलाला वाचनाचा उपदेश करणे व्यर्थ आहे. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. व्हॉट्सॲपवर विवेकानंदांच्या, सावरकरांच्या, बाबासाहेबांच्या नावाने जी वचने रोज फिरतात, त्यांतील कित्येक त्यांनी कधी उच्चारलेलीही नसतात. ती पुढे पाठवणाऱ्याने मूळ ग्रंथ उघडलेला नसतो, हेच याचे कारण. महापुरुषांची नावे घ्यायची आणि त्यांचे ग्रंथ धूळ खात ठेवायचे, ही त्यांची सेवा नव्हे, उपेक्षा आहे.

हा दोष सामाजिक कार्यात वावरणाऱ्यांनी विशेष करून तपासून पाहिला पाहिजे. बैठका, प्रवास, कार्यक्रम यांच्या रगाड्यात कार्यकर्त्याचे वाचन सर्वांत आधी आटते. मग दहा वर्षांपूर्वीच्या शिदोरीवर भाषणे चालू राहतात आणि श्रोत्यांना ते कळतेही. शिवाय वाचन झालेच तर ते पटणाऱ्या विचारांचेच होते. ज्यांचे मत पटत नाही, त्यांचा ग्रंथ मुळातून वाचल्याखेरीज त्याला उत्तर देता येत नाही; आणि कधी कधी वाचल्यावर असे आढळते, की उत्तर देण्याऐवजी आपलीच एखादी समजूत दुरुस्त करायला हवी. अशा वाचनाला जो भितो, त्याचा आपल्या विचारावरचा विश्वास पक्का नाही असेच म्हणावे लागेल.

मग करायचे काय? निराश होण्याचे कारण नाही, कारण उत्तम उदाहरणे समोर आहेत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने ग्रंथपेट्या थेट वाचकांच्या वस्तीत नेल्या. काही मंडळींनी एकत्र यायचे, एक पेटी घ्यायची, ती वाचून झाली की बदलायची, अशी ही साधी योजना. ती देशाबाहेरच्या मराठी माणसांपर्यंत पोहोचली. सातारा जिल्ह्यातील भिलार हे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध असलेले गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले. तेथे गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतील जागा पुस्तकांसाठी आणि वाचकांसाठी मोकळी केली. घराचा उंबरठा वाचकाला खुला करणे, यापरते मोठे ग्रंथप्रेम कोणते?

प्रत्येक गावाला भिलार होता येणार नाही. पण प्रत्येक घराला काही करता येईल. आठवड्यातून एकदा जेवताना घरातील प्रत्येकाने आपण काय वाचत आहोत ते चार वाक्यांत सांगावे, आजोबांनीही आणि नातवानेही. नातवाने परीकथा किंवा चित्रकथा सांगितली तरी ती मन लावून ऐकावी. ही परीक्षा होता कामा नये. साप्ताहिक बैठकीत वृत्तकथनाला जसा वेळ असतो, तशी पाच मिनिटे पुस्तकाला द्यावीत. सत्काराला शाल आणि पुष्पगुच्छ देण्याऐवजी स्वतः वाचलेले एक पुस्तक द्यावे, पहिल्या पानावर ते का दिले हे दोन ओळींत लिहावे. जवळच्या वाचनालयाची वर्गणी भरावी; महिन्याकाठी ती बहुधा एका वेळच्या हॉटेलच्या बिलापेक्षा कमी असते. आणि वाचून झालेले पुस्तक कपाटात बंद करण्यापूर्वी, ते कोणाला देता येईल याचा विचार करावा. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंची मुलगी दहावीत असेल, सोसायटीच्या रखवालदाराचा मुलगा जिन्यात बसून अभ्यास करीत असेल; चर्नी रोडची बाग आज तिथे आहे.

पुस्तक परत येणार नाही, ही भीती खरी आहे. काही पुस्तके परत येतही नाहीत. केळुसकर गुरुजींनी दिलेले ते बुद्धचरित्रही त्यांच्याकडे परत आले नाही. ते इतिहासात जाऊन पोहोचले. तेव्हा येत्या आठवड्यात कोणी भेटले की प्रकृतीच्या चौकशीनंतर हा एक प्रश्न जरूर विचारला जावा. आणि तोच प्रश्न उलट विचारला गेला, तर सांगण्यासारखे काही आपल्यापाशी असावे.