म्हातारे विमान शाळेत जाते तेव्हा

१० एप्रिल २०१६ च्या रविवारी सकाळी हैदराबादच्या बेगमपेटमध्ये एक क्रेन कोलमडली आणि तिने उचललेले एअर इंडियाचे एअरबस ए-३२० विमान रस्त्याकडेला आपटून मोडले. सकाळची वेळ, रस्त्यावर वर्दळ नव्हती, म्हणून कोणाला इजा झाली नाही. आपल्यापैकी अनेकांनी ते छायाचित्र पाहिले असेल. पण ते विमान निघाले कुठे होते, हे फार थोड्यांच्या लक्षात राहिले. ते सेवेतून निवृत्त झाले होते आणि जवळच असलेल्या एअर इंडियाच्या प्रशिक्षण केंद्रात विद्यार्थ्यांपुढे उभे राहायला चालले होते. वर्षानुवर्षे आकाशात सुखरूप फिरलेले यंत्र शेवटच्या थोड्या अंतरात, जमिनीवर हरले.

हा विषय आज काढायला कारण आहे. जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या दासो कंपनीने आणि रिलायन्सने फाल्कन २००० हे व्यावसायिक जेट नागपूरला जोडण्याची घोषणा केली. पहिले विमान २०२८ मध्ये तयार करण्याचा बेत आहे. फ्रान्सबाहेर फाल्कनची पूर्ण जुळणी प्रथमच होणार. नागपूर आदिलाबादहून दोनेकशे किलोमीटरवर, म्हणजे आपल्याला हैदराबादपेक्षा जवळ. त्याच वर्षी आदिलाबादच्या निजामकालीन धावपट्टीच्या नागरी वापराला हवाई दलाने संमती दिली. इंद्रवेल्ली, उटनूर, किनवट या पट्ट्यातल्या घरांत आता 'पोराला विमानाच्या लाइनला घालावे का' हा प्रश्न निघणारच. आणि प्रश्न निघाला की जाहिराती येतात. त्यात एक वाक्य हमखास असेल: आमच्याकडे परदेशातून आणलेले खरे जेट आहे.

ते खरेही असू शकते. जगभरच्या देखभाल-शाळांमध्ये जुनी हॉकर, लिअरजेट यांसारखी छोटी जेट विमाने हँगरमध्ये उभी असतात. ती आली कुठून? अमेरिकेत २०१५ च्या अखेरीपासून जुन्या, जास्त आवाज करणाऱ्या छोट्या जेट विमानांना मुख्य भूमीवर उडायला बंदी झाली. त्यामुळे सांगाडा धड असूनही अनेक विमाने एका कायद्याने जमिनीवर आली. मालकाच्या लेखी अशा विमानात किंमत उरते ती इंजिनांची आणि काही सुट्या भागांची. ते काढून घेतले की उरलेला सांगाडा स्वस्तात मिळतो, कधी कधी दानातही.

स्वस्त असतो तो सांगाडा. त्याचा प्रवास स्वस्त नसतो.

उडण्याचा दाखला संपलेले विमान स्वतः येऊ शकत नाही. फेडेक्स कंपनीने अमेरिकेतल्या शाळांना बोइंग ७२७ विमाने वाटली, त्यातले एक २०१३ मध्ये अलास्का विद्यापीठासाठी अँकरेजच्या लहानशा विमानतळावर थेट उतरवले गेले. शेवटचे उड्डाण शाळेच्या दारात, असे भाग्य क्वचितच. समुद्रापलीकडून येणाऱ्या छोट्या जेटचे पंख उतरवावे लागतात. हॉकरची गंमत अशी की त्याचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध, धडाच्या खालून जाणारा. तो सोडवून सुमारे पंधरा मीटरची एक लांब फळी म्हणून वेगळा लादतात. धड साधारण तेवढेच लांब, पण व्यास दोन मीटरच्या आत. चाळीस फुटी कंटेनर सव्वाबारा मीटरचा, म्हणजे बंद पेटीत ते मावत नाही. उघड्या चौकटीवर बांधून किंवा गाड्या वाहून नेणाऱ्या जहाजातून आणावे लागते. त्याआधी इंधन पूर्ण काढायचे, बॅटऱ्या, ऑक्सिजनच्या टाक्या आणि आग विझवणाऱ्या बाटल्या उतरवायच्या, खाऱ्या हवेपासून वाचवायला सगळे प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. मग सीमाशुल्क. उडणाऱ्या विमानाचा रकाना वेगळा, आणि फक्त प्रात्यक्षिकासाठी उपयोगी, बाकी कशालाच निरुपयोगी अशा साधनांचा वेगळा. विमान कोणत्या रकान्यात बसवायचे यावरच कर ठरतो, आणि कागद अपुरे असले तर बंदरात दिवस मोजत बसावे लागते.

बंदरातून पुढे रस्ता. आपल्याकडे खरी परीक्षा इथे. २०१९ च्या डिसेंबरात दुर्गापूरला, २०२१ मध्ये दिल्लीला, २०२३ च्या डिसेंबरात मुंबईहून आसामला जाताना बिहारच्या मोतिहारीत, जुनी विमाने पुलांखाली अडकली. २०२२ मध्ये कोचीहून हैदराबादला एका हॉटेलसाठी निघालेले विमान आंध्रातल्या बापटला जिल्ह्यात भुयारी रस्त्यात रुतले. लोकांनी सेल्फी काढले, आपणही हसलो. त्या विमानांपुढे हॉकर किंवा लिअरजेट म्हणजे लहान मूल. नियमात बसणाऱ्या ट्रेलरच्या रुंदीत त्याचे धड मावते. शिकवायला छोटे जेट निवडतात त्याचे हे एक मोठे कारण. दुसरे असे की हायड्रॉलिक, केबिनमधला हवेचा दाब, लँडिंग गिअर, ऑटोपायलट असे मोठ्या विमानातले बहुतेक सगळे त्यात असते, फक्त हाताला पोचेल इतक्या उंचीवर.

आता मुद्दा. एवढा खर्च करून आणलेल्या विमानाचा संस्थेला दोन प्रकारे उपयोग होतो. एक, विद्यार्थी त्याची झाकणे उघडतात, पाइप सोडवतात, तारा तपासतात, पुन्हा जोडतात. दुसरा, ते रंगवून फाटकाशी उभे राहते आणि माहितीपत्रकावर छापले जाते. पालकाला दोन्ही विमाने बाहेरून सारखीच दिसतात. फी मात्र लाखांत असते आणि आपल्याकडे ती बहुधा कापसाच्या पट्टीतून किंवा शेत गहाण ठेवून भरली जाते.

म्हणून बारावीला भौतिक, रसायन, गणित घेतलेल्या मुलामुलींच्या घरी आम्ही एवढेच सांगू. विमान दुरुस्तीवर सही करण्याचा अधिकार डीजीसीएच्या परवान्याने मिळतो; संस्थेचे प्रमाणपत्र किंवा एव्हिएशनची पदवी म्हणजे परवाना नव्हे. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर आहे. सीएआर १४७ खाली मान्यता आहे का, आणि कोणत्या शाखेसाठी, हे त्या यादीतच पाहावे. एजंटाच्या मोबाइलवर नव्हे. जेट इंजिनाच्या विमानांसाठीची बी-१.१ शाखा असेल तर अभ्यासक्रम २४०० तासांचा, आणि त्यात निम्म्याच्या आसपास वेळ प्रात्यक्षिकाचा असायला हवा. परवान्याच्या परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव त्यानंतर.

दहावीनंतर लवकर कमावते व्हायचे असेल तर नागपूरच्या सरकारी आयटीआयमध्ये विमानाचा सांगाडा जोडणाऱ्या फिटरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, दासोच्या सहकार्याने सुरू झालेला. फाल्कनच्या कारखान्याला असे हात लागणार आहेत. आपल्या मराठी माध्यमाच्या मुलांना तो जवळचा आहे. मात्र आपण तेलंगणाचे रहिवासी. महाराष्ट्रातल्या जागांसाठी अधिवासाचा नियम काय आहे ते अर्ज भरण्याआधी विचारून घ्यावे. सीमेवरच्या घरांना हा धोंडा नेहमीच आडवा येतो.

आणि संस्था पाहायला गेलात तर फाटकाशी फोटो काढून परतू नका. हँगरमध्ये जा, दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला बाजूला घेऊन विचारा, 'बाबा, या विमानाचे चाक तू स्वतः कधी उतरवलेस?' आणि मग त्याच्या हातांकडे पाहा.