विश्लेषण : रॉक बँडचा दुसरा अल्बम अडतो कुठे? बोईसरला हवी एक बंद खोली

पहिला अल्बम निघतो, मित्र स्टेटसला लावतात, कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये टाळ्या पडतात. मग कुणीतरी विचारतं, 'दुसरा कधी?' आणि व्हॉट्सॲप ग्रुप शांत होतो. आमच्या बँडचं हेच झालं. इंजिनीअरिंगला असताना मी बेस वाजवायचो. आज पालघर-बोईसर पट्ट्यात वाजवणाऱ्या मुलांकडे लॅपटॉप आहे, माइक आहे. नाही ती फक्त जागा.

दुसरा अल्बम अवघड का?

पहिल्या अल्बममध्ये कॉलेजच्या चार वर्षांत साठलेली गाणी असतात. दुसऱ्याच्या वेळी वही कोरी आणि नोकरी सुरू. आमचा ड्रमर तारापूर एमआयडीसीत शिफ्टला, गिटारवाला रोज डहाणू लोकलने अंधेरीला. मुंबईच्या 'रॉक मशीन'ने पहिला अल्बम 1988 मध्ये काढला आणि दुसरा, 'द सेकंड कमिंग', 1990 मध्ये. हाच बँड 1993 पासून 'इंडस क्रीड' झाला. त्या काळी घरी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करण्याची सोय नव्हती. आज ती आहे, तरी आमची गाडी अडली आहे.

फाइल पाठवून काम होत नाही का?

तयार गाण्याचं होतं. ड्रम, बेस, गिटार, गायन वेगवेगळं रेकॉर्ड करून मिक्सिंग करता येतं. पण नवं गाणं जन्मतं ते एकत्र वाजवताना. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे 10 मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ड्रमर 3.4 मीटरवर बसल्यासारखं, तेवढं चालतं. व्हिडीओ कॉलवर 150 मिलिसेकंद उशीर झाला, तर तो 51 मीटरवर गेला! ताल जुळणार कसा?

मग घरीच तालीम का नको?

ड्रमचा आवाज जवळून 100 डेसिबलच्या पुढे सहज जातो. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. आमच्या तिसऱ्याच तालमीला खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. भिंतीला अंड्याचे ट्रे लावून बाहेर जाणारा आवाज थांबत नाही. खोलीतला घुमारा फार तर थोडा कमी होतो. आवाज अडवायला जाड भिंत, जड दार आणि बुजवलेल्या फटी लागतात.

उपाय काय?

तो बोईसरमध्येच आहे. औद्योगिक क्षेत्रात हीच मर्यादा दिवसा 75 आणि रात्री 70 डेसिबल आहे. वस्तीपासून आणि रासायनिक कारखान्यांपासून दूर असलेला एखादा रिकामा गाळा उद्योजकांनी तालमीसाठी तासाच्या भाड्याने द्यावा. पक्क्या भिंती, अग्निसुरक्षा आणि स्वतंत्र वीजमीटर एवढं पुरे. पालघर नगरपरिषद आणि बोईसर ग्रामपंचायतीने पुढाकार घेतला, तर काम लवकर होईल.

'पाणी, रस्ते सोडून बँडला खोली?' हा प्रश्न रास्तच. पण इथे अनुदान मागितलेलं नाही, भाडं आम्ही भरू. आणि खोली फक्त रॉकवाल्यांची नसेल. ढोल-ताशा पथक, भजनी मंडळ, ऑर्केस्ट्रा, तारपा वाजवणारी मुलं, सगळ्यांनाच ती लागते. शिफ्ट करणाऱ्या माणसाला नोकरीनंतर काहीतरी स्वतःचं करता यावं, एवढीच मागणी आहे.

आमच्या फोनमध्ये सात अर्धवट चाली पडून आहेत. जागा मिळाली तर रविवारी नाइट शिफ्ट संपवून थेट येतो, असं ड्रमर म्हणतो. झोपेचं काय, विचारलं तर हसतो.