माणूस सामानासकट मोजा

कोलोनहून बार्सिलोना, कोलोनहून रोम, कोलोनहून लंडन. स्वस्त विमानांची तिकिटं मोबाइलवर चाळली, तर आठवड्याच्या मधल्या दिवसांना वीस-पंचवीस युरोंचे आकडे सहज दिसतात. दिवाळीच्या गर्दीत सांगलीहून मुंबईला खासगी बसने जायला कधी कधी एवढेच पैसे पडतात. युरोपात नव्याने आलेला मराठी माणूस या आकड्यांवर भाळला, तर त्यात नवल नाही. आकडा खोटा नसतो. तो फक्त रिकाम्या हाताने जाणाऱ्या माणसाचा असतो.

माझे हात कधी रिकामे नसतात. मी मूळची मिरजेची, पेटी वाजवते आणि बरीच वर्षं कोलोनला राहते. गणपती, दिवाळी पहाट, भारतातून दौऱ्यावर आलेल्या गायकांच्या मैफली, एखाद्या गावातलं छोटं भजनी मंडळ, अशा कामांसाठी ब्रुसेल्स, पॅरिस, ॲमस्टरडॅम, झुरिक इथे माझं येणं-जाणं चालू असतं. पेटी तिच्या पेटाऱ्यासकट पंधरा किलोच्या पुढे जाते. कपड्यांची बॅग वेगळी. तबलजी बरोबर असले, तर डग्गा, वेगवेगळ्या पट्ट्यांचे दोन तबले, चुंबळी, हातोडी. मंडळाची माणसं प्रेमाने बोलावतात, जेवू घालतात, पण मानधन बेताचंच असतं. त्यामुळे ओझ्यासकट स्वस्तात प्रवास कसा बसवायचा, हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. सामान घेऊन जाणारा माणूस हाच खरा प्रवासी आहे, आणि भाडं त्याला धरून सांगितलं गेलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

विमानांचा हिशेब आधी पाहू. रायनएअर आणि विझएअर या दोन मोठ्या स्वस्त कंपन्यांच्या मूळ तिकिटात पुढच्या आसनाखाली मावणारी एकच पिशवी येते. माप ४० × ३० × २० सेंटिमीटर, म्हणजे शाळेचं दप्तर. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची बॅग असेल तर पैसे, विमानाच्या पोटात द्यायची असेल तर आणखी पैसे. तो दर मार्गाप्रमाणे आणि तारखेप्रमाणे बदलतो. तिकीट काढतानाच बॅग घेतली तर कमी, विमानतळावर गेल्यावर घेतली तर कितीतरी जास्त. वीस किलोंच्या बॅगेचं भाडं माणसाच्या भाड्याच्या पुढे गेलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. शिवाय स्वस्त विमान उतरतं कुठे, हेही बघावं लागतं. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून ऐंशी किलोमीटरवर आहे. फ्रँकफुर्टचं नाव लावणारं हान विमानतळ फ्रँकफुर्टहून सुमारे १२० किलोमीटरवर. पाठीवर दप्तर असेल तर हे अंतर झोपेत सरतं. दोन जड बॅगा असतील तर बसमध्ये चढवणं, उतरवणं, पुन्हा मेट्रोच्या जिन्यावरून नेणं, हे सगळं त्या स्वस्त तिकिटाच्या खात्यावर मांडावं लागतं.

वाद्यांची गोष्ट याहून वाईट. पेटी विमानाच्या पोटात टाकायला जीव धजत नाही. भाता उसवतो, सूर बेसूर होतात, लाकूड तडकतं. एका विमान कंपनीच्या दारात मला सांगण्यात आलं की हे वाद्य नसून मोठं खोकं आहे, आणि ते खालीच जाईल. व्हिएन्नाला पेटारा उघडला तेव्हा मधल्या सप्तकातले दोन सूर मुके झाले होते. त्या संध्याकाळी गायिकेने पट्टी न बदलता, तेवढ्या जागा टाळत संपूर्ण मैफल निभावली. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण वाद्याच्या संरक्षणासाठी कलावंताने कोणाच्या चांगुलपणावर का अवलंबून राहायचं? अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने सांगितलं की कप्प्यात जागा असेल तर लहान वाद्य आत नेऊ दिलंच पाहिजे. युरोपात तसं बंधन नाही.

कंपन्यांची बाजू मला कळते. पोटातलं सामान उचलायला माणसं लागतात, वेळ लागतो, आणि स्वस्त विमानाचं सगळं गणितच जमिनीवर कमीत कमी वेळ थांबण्यावर उभं आहे. २००६ च्या सुमारास रायनएअरने पोटातल्या सामानाचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली, तीही याच कारणाने. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये व्हुएलिंग या स्पॅनिश कंपनीच्या खटल्यात दोन्ही गोष्टी स्पष्ट केल्या. पोटातल्या बॅगेचे वेगळे पैसे घेता येतील. हातातलं सामान मात्र प्रवासाचा आवश्यक भाग आहे, आणि ते वजन-मापाच्या वाजवी अटींत बसत असेल तर त्यावर जादा आकार लावता येणार नाही. आता ‘वाजवी’ म्हणजे किती, यावर वर्षानुवर्षं ओढाताण चालू आहे. स्पेनच्या सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरोंचा दंड ठोठावला, त्यात हातातल्या बॅगेचे पैसे घेणं हे एक मुख्य कारण होतं. कंपन्या कोर्टात गेल्या. जून २०२५ मध्ये युरोपीय संसदेच्या परिवहन समितीने आसनाखालच्या पिशवीबरोबर सात किलोंची छोटी बॅगही फुकट असावी, या बाजूने मत दिलं.

हे स्वागतार्ह आहे, पण मला अपुरं वाटतं. सात किलो ही चार दिवसांच्या सहलीची बॅग. युरोपात सीमा ओलांडणारे सगळेच सहलीला निघालेले नसतात. सहा महिन्यांसाठी दुसऱ्या विद्यापीठात चाललेली मुलगी, रुमानियातून जर्मनीत म्हाताऱ्यांची सेवा करायला येणारी बाई, हंगामाला द्राक्षं तोडायला जाणारे मजूर, यांचा सगळा संसार त्यांच्या बॅगांत असतो. पोटातल्या बॅगेचे पैसे घ्या, हरकत नाही. पण तिकिटं शोधताना पहिल्याच पानावर दोन आकडे शेजारी शेजारी दाखवायची सक्ती करा: एक रिकाम्या हाताचा, एक वीस किलोंसकट. मग कोण किती स्वस्त, ते लोकांना उघड दिसेल.

त्या दुसऱ्या आकड्याशी तुलना केली, की बस आणि रेल्वे यांचं मोल कळतं. आपल्या भारतीय रेल्वेत दुसऱ्या वर्गाच्या तिकिटावर ३५ किलो, स्लीपरला ४० किलो सामान फुकट नेता येतं. तिकिटाच्या पोटातच ते धरलेलं आहे. जर्मन रेल्वेत वजनाचा आकडाही नाही. जे स्वतःला उचलता येईल ते न्या, एवढंच म्हणणं. युरोस्टारमध्ये ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक छोटी पिशवी चालते. फ्रान्सच्या नेहमीच्या टीजीव्हीत दोन मोठ्या बॅगा आणि एक छोटी चालते, मात्र प्रत्येकीवर नाव लिहिलेलं हवं. त्याच रेल्वेच्या उइगो या स्वस्त गाडीत मोठ्या बॅगेचे वेगळे पैसे पडतात, तेवढं तिकीट काढताना बघून घ्यावं. काही महिने आधी काढलं तर कोलोन–ब्रुसेल्स किंवा कोलोन–ॲमस्टरडॅमचं सवलतीचं तिकीट बॅगेसकटच्या विमानाला सहज हरवतं, आणि गाडी गावाच्या मध्यात नेऊन सोडते. ज्यांच्याकडे जर्मनीचं महिन्याचं डॉइचलँड तिकीट आहे (२०२६ पासून ६३ युरो), त्यांना साध्या गाड्यांनी आखेनच्या सीमेपर्यंत किंवा पार ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गपर्यंत वेगळा पैसा द्यावा लागत नाही. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून बस, ट्राम, रेल्वे सगळंच फुकट आहे. ट्रियरच्या बाजूने सीमा ओलांडली, की पुढे तिकीट नाही.

पण इथे हमाल नाही. मिरज जंक्शनवर लाल सदऱ्यातल्या माणसांनी आमच्या घरातली कितीतरी वाद्यं आयुष्यभर उचलली. ‘तंबोरा आहे, दादा, आडवा करू नका’ एवढं सांगितलं की पुरे. इथे प्रत्येक पायरी आपली आपण चढायची. जर्मनीच्या जुन्या वेगवान आयसीई गाड्यांना दारात पायऱ्या आहेत. फलाट कुठे ५५ सेंटिमीटर उंच, कुठे ७६. लिफ्ट बंद असली तर दोन फेऱ्या, आणि तेवढा वेळ एक बॅग फलाटावर एकटी. डिसेंबर २०२५ पासून बर्लिन–कोलोन मार्गावर फलाटाच्या पातळीत दार असलेली नवी लांब पल्ल्याची गाडी धावू लागली, तेव्हा तिच्यावर चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशांचा पहिला हक्क होता, आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारख्यांचाही फायदा झाला.

म्हणून ओझं असेल तर किमतीच्या आधी मी गाडी किती वेळा बदलायची ते बघते. एकदा बदलणं ठीक. दोनदा बदलण्यापेक्षा दहा युरो जास्त दिलेले परवडतात. जर्मन रेल्वेचं ॲप आठ मिनिटांचा बदल बिनदिक्कत सुचवतं, पण त्यातच बदलासाठी किमान किती वेळ हवा हे ठरवायची सोय आहे. मी अर्धा तास ठेवते. २०२४ मध्ये जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, हे विसरून चालत नाही. मुक्कामी पोहोचायला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की सवलतीच्या तिकिटावरही दुसरी गाडी पकडता येते. तासाचा उशीर झाला तर पाव भाडं परत, दोन तासांचा झाला तर निम्मं. अर्ज करा, पैसे मिळतात.

बसचं मला विशेष कौतुक आहे. जर्मनीत रेल्वेला स्पर्धा नको म्हणून लांब पल्ल्याच्या बसवर कित्येक दशकं कडक निर्बंध होते. २०१३ च्या जानेवारीत ते उठले, आणि फ्लिक्सबससारख्या हिरव्या बस सगळ्या खंडात पसरल्या. तिकिटातच हातातली सात किलोंची पिशवी आणि डिकीत २० किलोंची बॅग. माझी पेटी त्या मापात बसते, आणि मी स्वतः ती डिकीत कडेला, चाकापासून लांब, कपड्यांच्या बॅगेला टेकवून ठेवू शकते. विमानात वाद्य नजरेआड होतं. इथे ते कुठे आहे हे मला माहीत असतं. रात्रभराच्या प्रवासाने पाठ आखडते, हेही खरंच. पण ज्या माणसांना दुसरा पर्याय नाही, त्यांची सोबत या बसमध्ये मिळते. वॉर्सा, सोफिया, झाग्रेबच्या बायका आपल्या वस्तूंच्या गाठोड्यांवर हात ठेवून बसलेल्या असतात.

अशा माणसांसाठी कोलोनने काय केलं? स्टेशनाला लागून असलेला लांब पल्ल्याच्या बसचा तळ २०१५ मध्ये गावाबाहेर हलवला, थेट विमानतळावर. कारण दिलं गेलं गर्दीचं. म्हणजे ज्याच्याकडे सर्वांत जास्त ओझं आणि सर्वांत कमी पैसा, त्यालाच आणखी एक लोकल बदलायला लावली. या निर्णयाला मी तेव्हाही चूक म्हणत होते आणि आजही म्हणते.

मुलांना शिकायला पाठवणाऱ्या आई-वडिलांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सांगलीची एक आई फोनवर म्हणाली, ‘ताई, मुंबई–फ्रँकफुर्टला दोन बॅगा मिळतात, पुढचं छोटं विमान स्वस्तात वेगळं काढलंय.’ ते वेगळं काढलेलं तिकीटच महागात पडतं. दोन तिकिटं वेगळी असली की पहिल्या विमानाची सामानाची सवलत दुसऱ्याला लागू होत नाही, आणि ४६ किलोंचे पैसे मुलाला काउंटरवर मोजावे लागतात. फ्रँकफुर्ट विमानतळाच्या इमारतीला लागूनच लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन आहे. तिथून आखेन, कोलोन, ब्रुसेल्स, बाझेलकडे गाड्या जातात, आणि बॅगा कोणी तोलत नाही. दुसरं, तूप, पेढे, खवा बॅगेत घालू नका. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधा-मांसाचे पदार्थ वैयक्तिक सामानात आणायला बंदी आहे, ते काढून टाकून देतात. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला खुशाल द्या. कुकर इथे मिळतो. आपल्या शिट्टीचा हवा असेल तर द्या, पण त्या तीन किलोंचा विचार करून.

युरोपातल्या मराठी मंडळांकडे माझं एक मागणं आहे. प्रत्येक मोठ्या शहरात एक बऱ्यापैकी स्केलचेंजर पेटी आणि तबल्याची एक जोडी मंडळाच्या मालकीची असू द्या. तबला गायकाच्या पट्टीचा लागतो म्हणून तबलजी एखादा तबला आणतीलच, पण निदान डग्गा आणि पेटी वाहायला लागणार नाही. वाद्यं तळघरात ठेवू नका. हिवाळ्यात हीटरजवळही ठेवू नका, कोरड्या हवेने पुडी ताणून फाटते आणि पेटीचं लाकूड आकसतं. कोणीतरी आठवड्यातून एकदा वाजवत राहावं. कोलोनमध्ये माझ्या घरी एक जादा पेटी आहे. कार्यक्रमाला येणाऱ्या कलावंतांनी ती वापरावी, मंडळातर्फे मला आधी कळवावं, आणि पॅरिस, ॲमस्टरडॅम, झुरिकच्या मंडळांनीही आपल्याकडे काय आहे त्याची यादी एकमेकांना कळवावी.