घसारा यंत्राचा आणि माणसाचा

अमुक संगणकभाषेचे दिवस संपले, हे वाक्य आज पंचांगातील तिथी सांगावी तितक्या निर्विकारपणे उच्चारले जाते. त्या भाषेवर पंधरा-वीस वर्षे संसार चालविलेला प्रोग्रॅमर पंचेचाळिशीत दुसऱ्या नोकरीसाठी दारे ठोठावू लागला, की त्याला मिळणारे उत्तरही ठरलेले असते : 'आपण काळाबरोबर चालला नाहीत.' दोष मालकाचा नाही, धोरणाचा नाही; दोष त्याच्या आळसाचा. हे उत्तर इतके सोयीचे आहे की त्याची एकदा कसून झडती घेणे अगत्याचे ठरते.

प्रथम हा 'काळ' म्हणजे कोण, ते पाहू. मायक्रोसॉफ्टने १९९८ साली 'व्हिज्युअल बेसिक ६' बाजारात आणली. शिकावयास सोपी असल्याने असंख्य माणसे तीत तयार झाली. दुकानांचे हिशेब, दवाखान्यांची बिले, कारखान्यांतील हजेऱ्या तिच्यावर चालू लागल्या. २००२ साली कंपनीने तिच्या जागी जी नवी प्रणाली आणली, ती इतकी वेगळी होती की जुन्या कामांचा मोठा भाग नव्याने लिहावा लागे. मार्च २००५ मध्ये जुन्या भाषेचा नियमित आधार काढून घेण्यात आला. तो चालू ठेवावा म्हणून कंपनीने स्वतःच गौरविलेल्या दोनशेहून अधिक तज्ज्ञांनी सह्यांचे निवेदन दिले. कंपनी बधली नाही. 'फ्लॅश'चीही तीच कथा. जुलै २०१७ मध्ये ॲडोबीने तिच्या अंताची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ती मिटविली. फ्लॅशमध्ये सुरक्षिततेचे दोष होते, हे खरे. तो निर्णय चुकीचा होता असेही माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच की तो निर्णय होता. त्याला तारीख होती, निर्णय घेणारे होते, आणि त्याच्या परिणामांची किंमत भरणारे मात्र त्या बैठकीत कोठेच नव्हते.

याहून बोलके उदाहरण कोबोलचे. १९५९ साली जन्मलेली ही भाषा मरणपंथाला लागली आहे, असे कित्येक दशके सांगितले जात आहे. तरीही अनेक बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्या वह्या आजही तीच सांभाळते. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या साथीने अमेरिकेत बेकारांचे तांडे उभे केले. न्यू जर्सी राज्याची बेकारभत्त्याची जुनाट संगणकयंत्रणा अर्जांच्या भाराने जेरीस आली. तेव्हा गव्हर्नर फिल मर्फी यांनी जाहीर आवाहन केले की कोबोल जाणणारे स्वयंसेवक हवे आहेत. स्वयंसेवक! बेकारांना भत्ता देणारे यंत्र दुरुस्त करावयाचे, आणि ते ज्यांना कालबाह्य ठरविले त्यांनी बिनपगारी करावयाचे! त्याच महिन्यात आयबीएमने कोबोलचे मोफत शिक्षण जाहीर केले. जाणते लोक हवेत, पण त्यांच्या जाणतेपणाची किंमत मोजावयास नको, असा हा व्यवहार आहे. 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकली. येथे गरज सरलेलीसुद्धा नाही.

या बाजारात आपली मुलेही उतरली होती. २००० साल उजाडताच जुन्या यंत्रांतील तारखा कोलमडतील, या धास्तीने अमेरिकी कंपन्यांना कोबोल जाणणारे हात हवे झाले. मुंबई-पुण्यापासून बंगलोर-हैदराबादपर्यंत वर्ग निघाले, फिया भरल्या गेल्या. अमेरिकेने एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५,००० वरून १९९९ साठी १,१५,००० आणि २००१ साठी १,९५,००० केली. २००४ मध्ये ती पुन्हा ६५,००० वर आणली. नळ सोडावा आणि बंद करावा, तसे मनुष्यबळ सोडले आणि बंद केले. दरम्यान मंदी आली. ज्यांनी घाईघाईने ती भाषा शिकून घेतली होती, त्यांच्यावर 'जुन्या कामाचा माणूस' असा शिक्का बसला. शिकण्याचा सल्ला त्यांना ज्या बाजाराने दिला, त्यानेच तो शिक्का मारला.

आता अर्थशास्त्राच्या न्यायालयात हा खटला चालवू, आणि तोही मालकांना प्रिय असलेल्या शास्त्राच्या. शिकागोचे गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार मानले. जे शिक्षण कोठेही कामी येते, त्याचा खर्च कामगाराने सोसावा. जे एकाच संस्थेच्या उपयोगाचे, त्याच्या खर्चात मालकाने वाटा उचलावा. हे मान्य धरू. एखाद्या बँकेच्या तीस वर्षांपूर्वीच्या प्रणालीतील खाचाखोचा जाणणे, हे कोणत्या प्रकारात मोडते? उघडच दुसऱ्या. ते ज्ञान त्या बँकेच्या भिंतीबाहेर कवडीमोल आहे. पण कंपनीचा व्यवहार कसा चालतो? माणसाला काढावयाचे असते तेव्हा त्याचे कौशल्य 'फार संकुचित' असते. त्याला नवे शिकवावयाची वेळ येते तेव्हा तेच शिक्षण 'सर्वसामान्य' ठरते आणि ज्याने त्याने रात्री जागून, पदरमोड करून ते मिळवावयाचे असते. छापा पडला तर मालक जिंकला, काटा पडला तर कामगार हरला, अशी ही नाणेफेक आहे.

घसाऱ्याचे पाहा. यंत्र झिजते आणि जुने होते, हे आपल्या आयकराच्या नियमांनी केव्हाच मान्य केले. संगणकावर पूर्वी वर्षाला ६० टक्के, तर २०१७-१८ पासून ४० टक्के घसारा धरण्याची मुभा उद्योगांना मिळाली. म्हणजे यंत्र कालबाह्य होण्याच्या तोट्यात सरकारी तिजोरी मालकाची भागीदार असते. त्याच यंत्रासमोर बसलेल्या माणसाचे कौशल्य त्याच वेगाने जुने होते. पण पगारदाराने नवे तंत्र शिकण्यासाठी भरलेली फी त्याच्या उत्पन्नातून वजा होत नाही. लोखंड आणि सिलिकॉन यांच्या झिजेला ताळेबंदात रकाना आहे. माणसाच्या झिजेला नाही.

आणि कायदा? औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तीत कामगारांच्या पुनर्कौशल्यासाठी निधी आहे, हे ऐकून कोणासही बरे वाटेल. निधीत मालकाने भरावयाचे ते कपात केलेल्या कामगाराच्या पंधरा दिवसांच्या वेतनाइतके! वीस वर्षांचे कौशल्य मोडीत निघाले, त्यावर उतारा पंधरा दिवसांचा. तोही रीतसर कपात झाली तरच. या धंद्यात माणसाला काढीत नाहीत. त्याला खोलीत बोलावून राजीनामा लिहून घेतात. राजीनामा दिलेल्याला कपातीची भरपाई नाही आणि निधीही नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२,००० जणांना, म्हणजे दोन टक्के नोकरवर्गाला, कमी करण्याचे जाहीर केले. कौशल्यांचा मेळ बसत नाही, हे कारण पुढे आले. मेळ बसविण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न मात्र विचारला गेला नाही.

दोन आक्षेप येतील. पहिला, या लोकांना पगार भरपूर होता, त्यांनी साठवावयास हवे होते. काहींना होता, पुष्कळांना नव्हता. शिवाय चांगला पगार हा झालेल्या कामाचा मोबदला असतो, पुढच्या बेकारीचा आगाऊ हप्ता नव्हे. दुसरा आक्षेप, हे म्हणणे प्रगतीला विरोध करणारे आहे. मुळीच नाही. जुने तंत्र जावे. पण जाताना त्याचे बिल कोणी भरावे, एवढाच वाद आहे. नव्या तंत्राचा नफा ज्याच्या घरी जातो, त्याने जुन्याच्या निरोपाचा खर्च करावा, हा साधा व्यवहारधर्म आहे.

हे अशक्य नाही, याचा पुरावा आपल्याच इतिहासात आहे. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली, परकीय भागभांडवल कमी करण्याची अट न पाळता आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या यंत्रांचे काय होणार, अशी हाकाटी झाली. १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीने त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली आणि यंत्रे चालली. जुने यंत्र आणि ते जाणणारा माणूस यांना सांभाळणे, हे राष्ट्रीय काम मानले गेले. २००१ मध्ये सरकारने त्या कंपनीवरील ताबा टाटांना विकला. २०१५ मध्ये ती टीसीएसमध्ये विलीन झाली.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. जे तंत्र बंद करावयाचे, त्याची सूचना त्यावर काम करणाऱ्यांना पुरेशी आधी मिळावी, आणि त्या काळात कामाच्या तासांतच, पूर्ण पगारी, नवे शिक्षण मिळावे. दडपणाखाली घेतलेला राजीनामा ही कपातच मानावी. पुनर्कौशल्याच्या निधीत पंधरा दिवसांचे नव्हे, तर सेवेच्या वर्षांच्या प्रमाणात वेतन भरले जावे. बँका आणि सरकारी खाती यांच्या जुन्या प्रणालींची देखभाल करणारी सार्वजनिक संस्था पुन्हा उभी राहावी, आणि वयाची अट न घालता जाणत्यांना तीत रास्त पगारावर काम मिळावे.

एक शब्द खुद्द प्रोग्रॅमर बंधुभगिनींना. मुंबईच्या गिरण्यांतील माग जुने झाले, ते मालकांनी वेळीच बदलले नाहीत म्हणून. भोग मात्र विणकरांच्या वाट्याला आले. त्या वेळी पांढरपेशा मध्यमवर्ग म्हणाला, हा कामगारांचा प्रश्न आहे. तो आता वातानुकूलित दालनात येऊन बसला आहे. गळ्यात ओळखपत्र असले म्हणून कामगारपण सुटत नाही. एकेकट्याने नवा अभ्यासक्रम पुरा करून फार तर पाच वर्षांची मुदतवाढ मिळेल. त्यानंतर तेही कौशल्य मोडीच्या ढिगावर असेल. संघटनेत या. घसाऱ्याचा हिशेब एकट्याने मागितला, तर मिळतो तो फक्त राजीनाम्याचा कागद.